तापल्यावर बंद पडणारी पद्मिनी: कॉइल बदलली, जागाही बदलली

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा, मारेगाव, वणी या पट्ट्यात जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या दुपारी रस्त्याच्या कडेला दिसू लागतात. बॉनेट उघडलेलं, कडुनिंबाची सावली आणि शेजारी उभ्या माणसाचा ठरलेला सल्ला : "पंप तापला भाऊ, ओलं फडकं टाक त्याच्यावर." फडकं टाकतात, अर्धा तास जातो, गाडी सुरू होते. इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाचं नाव खराब होतं आणि पुढच्या दुपारी गाडी पुन्हा तिथेच उभी राहते.

एका काकांची ही प्रीमियर पद्मिनी कार दुरुस्तीला अशीच आली होती. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पॉइंटचा (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचा) डिस्ट्रिब्युटर, जो ठिणगी पाळीपाळीनं प्लगना वाटतो, आणि गोल डब्याची तेलाची कॉइल, जी बॅटरीच्या बारा व्होल्टपासून ठिणगीचं मोठं व्होल्टेज बनवते. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू. करंजी ओलांडून वीस-बावीस किलोमीटर गेली की चढावर मिसिंग (ठिणगी मधूनमधून चुकणं), मग किल्ली फिरवल्यासारखी एकदम बंद. दोन वर्षांत पेट्रोल पंपाचा डायफ्राम दोनदा आणि कॉइल तीनदा बदलली होती. तिसरी कॉइल एक उन्हाळाही टिकली नाही. कॉइल मरत होती हे बरोबर होतं, पण ती का मरते हे कोणी पाहिलं नव्हतं. कारणं एकाहून जास्त निघाली, म्हणून सगळं काम क्रमानं लिहून ठेवतो आहे. अँबेसेडर, जुनी पेट्रोल जीप, पॉइंटवाली कुठलीही गाडी असली तरी पद्धत हीच. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनच्या) गाड्यांचा कॉइल पॅक वेगळा असतो, त्याला यातलं फारसं लागू नाही.

आधी पंप की कॉइल, हे ठरवणं

पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडली तर गाडी सहसा एकदम मरत नाही. हिसके देते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गुदमरते, वेग कमी होत होत थांबते. इग्निशन, म्हणजे ठिणगीची यंत्रणा, गेलं तर मात्र इंजिन कापल्यासारखं बंद होतं. कॉइल तापून कमजोर होत असेल तर आधी चढावर किंवा ओझ्यावर मिसिंग येतं, कारण थ्रॉटल जास्त उघडलं की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. सपाटीवर तीच कॉइल काम भागवते.

पण लक्षणावर विसंबून पार्ट बदलू नये. गाडी बंद पडल्या जागी, गरम असतानाच, दोन गोष्टी बघायच्या. पहिली, थोडा सेल्फ मारून एक प्लग काढायचा. टोक कोरडं असेल तर पेट्रोल येत नाही. ओलं असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय आणि जळत नाही. दुसरी, ठिणगी. इथे बहुतेक जण प्लग इंजिनाच्या ब्लॉकला टेकवतात, ठिणगी दिसते आणि "करंट आहे" म्हणून कॉइलला सोडून देतात. मोकळ्या हवेत ०.६ मिमीची फट ओलांडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबाखाली त्याच फटीला कितीतरी पट जास्त लागतात. मेलेली कॉइलही हवेत प्लग पेटवून दाखवते.

त्यासाठी एक टेस्टर करून ठेवावा. जुन्या प्लगचा वाकडा कान हॅकसॉनं मुळापासून कापायचा, म्हणजे ठिणगीला मधल्या काडीपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोठी उडी मारावी लागते. प्लगच्या अंगाला क्लॅम्पनं वायर आवळून ती ब्लॉकला पक्की जोडून अर्थ (अर्थिंग) करायची. कॉइलची मधली एचटी (जास्त व्होल्टेजची) वायर डिस्ट्रिब्युटर कॅपमधून काढून या प्लगला लावायची आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळसर पांढरी, 'चट् चट्' आवाजाची ठिणगी आली तर कॉइल चांगली. नारिंगी, बारीक, मधूनच चुकणारी आली तर पुढे शोधायचं. एचटी वायर उघडी, अधांतरी ठेवून सेल्फ मारू नका. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आत वाट काढते, आणि तिथलं इन्सुलेशन एकदा फुटलं की कॉइल कायमची जाते. आणि आधी बॉनेटखाली पेट्रोल कुठे पाझरत नाही ना, ते बघून घ्या.

या पद्मिनीचा प्लग ओला होता आणि टेस्टरवर ठिणगी जवळजवळ नव्हती. मग ओलं फडकं पंपाऐवजी कॉइलच्या डब्याभोवती गुंडाळलं, पाणी वरच्या टोपीकडे जाऊ न देता. सहा-सात मिनिटांत ठिणगी परत आली आणि इंजिन सुरू झालं. पंपाला कोणी हातही लावला नव्हता.

तरी कॉइलवर शिक्का मारायच्या आधी कंडेन्सर, म्हणजे पॉइंटमधला जाळ रोखणारा छोटा भाग, बघावाच लागतो, कारण तोही तापल्यावर असाच फितूर होतो. कंडेन्सर गेला की पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये निळा मोठा जाळ दिसतो, पॉइंट लवकर काळे पडतात आणि कॉइलची ठिणगी पिवळट होते. याचे पॉइंट करडे, साफ होते. कंडेन्सरची किंमत एवढीशी असते की कॉइलबरोबर तो बदलूनच टाकावा. जुना चांगला निघाला तर गाडीत सुटा ठेवायला होतो.

मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

बॅटरीची निगेटिव्ह काढून, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडून मोजलं. थंड असताना प्लस आणि मायनसमध्ये, म्हणजे प्रायमरी गुंडाळीत, ३.१ ओहम, प्लसपासून मधल्या टॉवरपर्यंत (जिथे एचटी वायर बसते) सुमारे ८ किलोओहम. दोन्ही आकडे निर्दोष. मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा ०.२-०.३ ओहम आधी वजा करायला विसरू नका, नाहीतर ३ ओहमच्या मापात तो मोठी चूक करतो.

हेच आकडे बघून आधीच्या ठिकाणी कॉइल "ओके" ठरवली गेली होती. मीटर स्वतः दोन-चार व्होल्टवर मोजतो. पंधरा-वीस हजार व्होल्टला आतलं इन्सुलेशन फुटतं की नाही, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून ओहम बिघडलेले दिसले तर कॉइल नक्की खराब. ओहम बरोबर दिसले तर काहीच सिद्ध होत नाही.

गरम असताना मोजलं तेव्हा प्रायमरी ३.९ ओहम आली. यात बिघाड नाही, तांब्याचा तो स्वभाव आहे. तांब्याचा रोध दर अंशाला जवळजवळ ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ३० वरून १०० अंशांवर गेलं की चौथाईच्या वर वाढ. १२ व्होल्टवर ३.१ ओहममधून ३.९ अँपिअर जातात आणि ३.९ ओहममधून ३.१. फरक लहान वाटतो, पण कॉइलमध्ये साठणारी शक्ती करंटच्या वर्गावर असते. म्हणजे नव्या, चांगल्या कॉइललासुद्धा त्या तापमानाला थंड अवस्थेतल्या शक्तीच्या सुमारे ६३ टक्केच उरतात. इन्सुलेशन थकलेलं असेल तर तेवढंही प्लगपर्यंत पोचत नाही.

आता प्रश्न, कॉइल १०० अंशांवर गेली कशी?

ती इंजिनावर, हेडजवळच्या एका पट्टीवर बसवलेली होती. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळलेला धूर बाहेर नेणारा तापलेला नळ, तिथून वीतभरही दूर नव्हतं. हे कधीतरी मधल्या काळात कोणीतरी केलेलं काम. आतल्या मडगार्डच्या पत्र्यात जुन्या क्लॅम्पची दोन छिद्रं अजून दिसत होती आणि त्या जागी हॉर्नचा रिले चढला होता. बाहेर ४५ अंश, रेडिएटरमधून येणारी हवा त्याहून गरम, शेजारी मॅनिफोल्ड आणि खाली हेडचा तापलेला गोळा. कॉइलची स्वतःची उष्णता बाहेर टाकायला जागाच नव्हती. डब्यातलं तेल इन्सुलेशनसाठी असतं तसंच आतली उष्णता डब्याच्या भिंतीपर्यंत आणण्यासाठीही असतं. भिंतच बाहेरून तापलेली असेल तर तेल तरी काय करणार?

सगळ्यात वाईट वेळ गाडी थांबल्यानंतरची असते. पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि ब्लॉकची उष्णता वर चढत राहते. पेट्रोल भरायला दहा मिनिटं थांबलेली गाडी म्हणूनच निघताना रुसते.

जागा निवडणं

मला वाटतं, या कामात डोकं लावायचं ते इथेच. बाकी सगळी पाना-पेचकसाची कामं.

मॅनिफोल्डच्या विरुद्ध बाजूचा आतला मडगार्ड बघायचा. रेडिएटरच्या थेट मागे नको, तिथली हवा आधीच तापलेली असते. बॅटरीच्या वर किंवा अगदी शेजारी नको. चार्ज होताना निघणारी अ‍ॅसिडची वाफ टर्मिनल खाते आणि बॅटरीतून निघणाऱ्या वायूजवळ ठिणगीची वस्तू असू नये. १५-२० सेमी अंतर ठेवा. चाकाच्या कमानीखालून चिखल उडेल एवढं खाली नको. आपल्याकडे जुलैत नाल्यावरून पाणी वाहत असताना गाड्या घालतात, आणि काळ्या मातीचा चिखल एकदा टॉवरच्या रबरात गेला की वाळून तसाच राहतो, पुढच्या पावसात ओला होऊन करंट पळवतो.

दुसरी मर्यादा एचटी वायरची. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत ३० ते ४५ सेमीत काम झालं पाहिजे. लांब वायर म्हणजे गळतीला आणि घासायला जास्त जागा. फायरवॉलवर थंड जागा सापडते खरी, पण तिथून वायर इंजिनावरून आडवी आणावी लागते, म्हणून ती सोडली.

खात्रीसाठी एक साधी चाचणी केली. काहीही न खोलता गाडी दुपारी अर्धा तास फिरवून आणली, बंद करून बॉनेट लावून पंधरा मिनिटं ठेवली आणि मग निवडलेल्या पत्र्यावर हात ठेवला. पाच सेकंद हात टिकला तर जागा चालेल. साठ-पासष्ट अंशांच्या वर असेल तर हात आपोआप उचलला जातो. जुन्या पट्टीला तर बोट लावता येत नव्हतं. आमची जागा हॉर्नच्या रिलेच्या पुढे, जुन्या छिद्रांपासून चार बोटं वर निघाली. मूळ जागेच्या इतक्या जवळ परत यावं लागलं, यातच बरंच आलं.

नवी कॉइल घेताना

दुकानात "बारा व्होल्टची कॉइल द्या" म्हटलं की समोर येईल ती घेऊ नये. बारा व्होल्टच्या दोन जाती असतात. एक सुमारे ३ ओहमची, ती सरळ बारा व्होल्टवर चालते. दुसरी सुमारे १.५ ओहमची, तिला बाहेरून बॅलास्ट, म्हणजे करंट आवरणारा रोध, लागतो. ही दुसरी कॉइल बॅलास्ट नसलेल्या पॉइंटच्या गाडीत लावली तर १२ भागिले १.५, म्हणजे ८ अँपिअर. पॉइंट काही दिवसांत जळतात आणि कॉइलमध्ये उष्णता दुपटीनं तयार होते. उलट, बॅलास्ट असलेल्या गाडीत ३ ओहमची लावली तर ठिणगी कायम अशक्त. मीटर सोबत न्या आणि काउंटरवरच मोजा, दुकानदार नाही म्हणत नाही.

गाडीतून काढलेल्या तिसऱ्या कॉइलवर बाहेरून रोध लावण्याची सूचना छापलेली नव्हती आणि मापही ३.१ होतं, म्हणजे जात बरोबर होती. पण तिचा टॉवर टॉर्चनं बघितला तेव्हा आत पितळेच्या बैठकीवर हिरवट पांढरी भुकटी होती आणि टॉवरच्या काठापासून मायनस टर्मिनलकडे केसासारखी बारीक काळी रेघ उतरलेली. नखानं खरवडून निघत नव्हती. एचटी वायर पूर्ण आत बसलेली नसली की आतल्या आत ठिणगी उडते, हळूहळू कार्बनची रेघ तयार होते आणि मग करंट डिस्ट्रिब्युटरऐवजी त्या रेघेनं पळतो. अशी रेघ दिसली की पॉलिश पेपर मारत बसू नका, कॉइल टाकून द्या. डब्याच्या खालच्या वळलेल्या काठावर तेलाचा ओलावाही होता, क्लॅम्प करकचून आवळल्यानं तिथे डबा चेपला होता.

बसवणं

सामान एवढंच : ३ ओहमची कॉइल आणि तिचा क्लॅम्प, एम-६ चे दोन बोल्ट, नायलॉक नट आणि रुंद वॉशर, १.५ चौरस मिमीची वायर दोन मीटर, रिंग लग, हीट श्रिंक स्लीव्ह, रबरी ग्रोमेट, ४० सेमी एचटी वायर दोन्ही टोकांच्या बूटांसह, १२ व्होल्टचा चार पायांचा रिले, १० अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, कंडेन्सर.

क्लॅम्प पत्र्यावर धरून छिद्रं आखली. ड्रिल मारण्याआधी पत्र्याच्या मागे हात घालून बघा, मागून ब्रेकची नळी किंवा वायरिंगचा जुडगा जात असेल तर भलतंच होईल. आधी ३ मिमीचं, मग ६.५ मिमीचं छिद्र. कडांची धार कानशीनं काढून रेड ऑक्साइड लावला, नाहीतर पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. मागून दीड मिमी पत्र्याची पट्टी टाकली, म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर पत्रा थरथरून चिरत नाही.

कॉइल टॉवर वर करून उभी बसवावी. तेलाच्या डब्यात वर थोडी हवा असते. उलटी किंवा फार आडवी बसवली की ती हवा वाइंडिंगच्या भागाशी जाते, तिथे तेलाचं थंडावणं आणि इन्सुलेशन दोन्ही कमी पडतं. क्लॅम्प एवढाच आवळा की हातानं जोर लावून डबा फिरणार नाही. पत्र्याला डबा नीट टेकला पाहिजे, कारण उष्णता त्यातूनही जाते. पॉइंटच्या इग्निशनला कॉइलच्या डब्याची अर्थ लागत नाही. रंग खरवडायची गरज नाही.

प्लस-मायनस अदलाबदल हा अगदी सर्रास होणारा घोळ. बॉडीला निगेटिव्ह अर्थ असलेल्या गाडीत किल्लीकडून येणारी वायर प्लसवर, डिस्ट्रिब्युटरला जाणारी मायनसवर. काही कॉइलवर प्लसच्या जागी १५ आणि मायनसच्या जागी १ असतं. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या कॉइलवर एसडब्ल्यू म्हणजे स्विच आणि सीबी म्हणजे पॉइंट. उलटं लावलं तरी गाडी चालते, म्हणूनच चूक सापडत नाही. पण ठिणगी प्लगच्या गरम मधल्या काडीवरून निघण्याऐवजी थंड कानावरून निघावी लागते, त्याला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते तापल्यावर, चढावर कमी पडतं. टर्मिनलचे नट आवळताना खालचा नट ८ च्या पान्यानं धरा. खिळा फिरला की आत त्याला जोडलेली बारीक तार तुटते आणि नवी कॉइल बसवता बसवताच मरते.

मायनसची वायर डिस्ट्रिब्युटरपर्यंत लांबवावी लागली. ट्विस्ट करून टेप मारण्याचं काम इथे करू नये. सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, आणि पत्र्याच्या कडेवरून जाते तिथे ग्रोमेट. ही वायर घासून बॉडीला टेकली तर पॉइंट कायम बंद, म्हणजे एकमेकांना टेकलेले, असल्यासारखं होतं. ठिणगी शून्य, इंजिन जागच्या जागी बंद, आणि किल्ली चालू राहिली तर कॉइल तापत राहते. फ्यूजही उडत नाही, कारण करंट चार अँपिअरच असतो.

रेडिओच्या खरखरीसाठी कॉइलवर छोटा कंडेन्सर लावलेला असतो, तो हलवताना प्लसवरच परत लावा. मायनसवर लावला तर तो पॉइंटच्या कंडेन्सरला जोडला जातो आणि ठिणगी बिघडते.

एचटी वायर दोन्ही बाजूंना 'टक्' लागेपर्यंत आत दाबली, बूट शेवटपर्यंत ओढले. पेट्रोलच्या नळीपासून दूर आणि पत्र्यापासून दोन बोटं अंतरावर नेली. बारीक वायरिंगच्या जुडग्याबरोबर बांधली नाही.

वायरिंगमधला चोर

जागा बदलून थांबलो असतो तर अर्धंच काम झालं असतं. किल्ली चालू, पॉइंट बंद, अशा स्थितीत कॉइलच्या प्लसवर मोजलं तेव्हा १०.४ व्होल्ट. बॅटरीवर त्याच क्षणी १२.३. मधल्या १.९ व्होल्टचा निकाल जुन्या इग्निशन स्विचमध्ये आणि वाटेतल्या तीन टेप मारलेल्या जोडांत लागत होता. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर शोधायलाच हवा. तापलेली कॉइल आणि १०.४ व्होल्ट यांचा एकत्र हिशेब केला तर करंट २.७ अँपिअरच्या आसपास येतो आणि साठणारी शक्ती थंड गाडीच्या निम्म्याहूनही कमी. चढावर मिसिंग येणार नाही तर काय होणार?

स्विच नवा मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा रिले लावला. ३० नंबरच्या पायाला बॅटरीच्या प्लसवरून १० अँपिअरच्या फ्यूजमधून वायर, ८७ वरून कॉइलच्या प्लसला, ८६ ला कॉइलवर येणारी जुनी वायर, ८५ बॉडीला. रिलेच्या गुंडाळीला फार थोडा करंट लागतो, त्यामुळे थकलेल्या स्विचवरचा भार उतरतो. पुन्हा मोजलं : १२.१. लगेच एक गोष्ट तपासायची. इंजिन सुरू करून किल्ली बंद केली की ते थांबलं पाहिजे. काही गाड्यांत चार्जिंगच्या दिव्याच्या वाटेनं उलटा करंट येऊन रिले धरून ठेवतो आणि इंजिन थांबत नाही. आमच्याकडे थांबलं. एक छोटी जंपर वायर ३० आणि ८७ मध्ये टाकण्यासाठी फ्यूजबॉक्सजवळ बांधून ठेवली, म्हणजे रिले रस्त्यात गेला तर घरी येता येतं. घरी आल्याबरोबर ती काढायची, कारण तिच्यामुळे किल्ली बंद करूनही कॉइल चालू राहते.

इंजिन आणि बॉडीमधली अर्थची विणलेली पट्टीही बघा. पॉइंटचा करंट डिस्ट्रिब्युटरच्या अंगातून ब्लॉकमध्ये आणि तिथून या पट्टीनं बॅटरीकडे जातो. इंजिन स्वतः रबरी माउंटिंगवर असतं. हिची एक बाजू गंजून निम्मी तुटलेली होती. नवी लावली, दोन्ही बाजूंचा रंग खरवडून.

पॉइंटची फट ०.४५ मिमी लावली, नव्या कंडेन्सरची अर्थ जिथे बसते ती जागा साफ केली. फट बदलली की टायमिंग सरकतं, म्हणून टायमिंग त्यानंतर बघायचं, आधी नाही. रोटरवर भेग नव्हती. कॅप आतून पुसून घेतली.

काकांना विचारलेला एक प्रश्न

कॉइल तीनदा जाण्याचं आणखी एक कारण गाडी बघून कळलं नसतं. "काका, गाडी उभी असताना टेप लावता का?"

"लावतो न बावा. लग्नात पोरं आयकतात गाणे, किल्ली टाकूनच वाजते थे."

इंजिन बंद आणि किल्ली चालू असताना पॉइंट बंद स्थितीत थांबलेले असले तर कॉइलमधून ४ अँपिअर सतत वाहतात. १२ गुणिले ४, म्हणजे सुमारे ४८ वॅट. एवढ्या वॅटची सोल्डरिंगची इस्त्री बंद डब्यात ठेवल्यासारखं आहे ते. इंजिन चालू असताना पॉइंट उघडझाप करतात, करंट थांबून थांबून वाहतो आणि पंख्याची हवाही असते. उभ्या गाडीत यातलं काहीच नाही. तासभर गाणी वाजली की आतलं तेल उकळल्यासारखं होतं, सीलमधून बाहेर येतं आणि कॉइलचं आयुष्य तिथेच संपतं. म्हणून टेपला इग्निशनवरून काढून वेगळ्या फ्यूजवरून थेट वायर दिली. पाच मिनिटांचं काम, पण ते राहिलं असतं तर चौथी कॉइलही याच लग्नसराईत गेली असती.

चाचणी

थंड गाडीवर घेतलेली चाचणी या बाबतीत काही कामाची नाही. दुपारी दोनला निघून करंजीपुढचा चढ, तिथून मारेगावकडे आणि परत, साधारण ४५ किलोमीटर. वाटेत दोनदा मुद्दाम गाडी बंद करून, बॉनेट लावलेलं ठेवून, पंधरा-पंधरा मिनिटं थांबवली. दोन्ही वेळा पहिल्या सेल्फला सुरू. शेवटी कान कापलेला प्लग पुन्हा लावला : गरम इंजिनावर निळी ठिणगी. डब्यावर हात ठेवता येत होता. गरम असतानाच प्रायमरी मोजली तर ३.४ ओहम, आधीच्या ३.९ च्या जागी.

आठ दिवसांनी गाडी परत बोलावून टर्मिनलचे नट, क्लॅम्प आणि ग्रोमेट बघितले. क्लॅम्पचा एक नट पाव फेरा बसला. कापसाच्या गंजीशेजारी उभी राहणारी गाडी असल्यानं उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, तेही बघितलं. नव्या वायरच्या वासावर ते आधी येतात. वायर सुरक्षित होती, तरी जुडग्यावर नालीदार प्लास्टिकची नळी चढवून दिली.

जुनी कॉइल काकांना स्पेअर म्हणून डिकीत ठेवायची होती, "थंड असतानी चालते न थे." ती ठेवू दिली नाही. अशी कॉइल रात्री अडचणीत लावली की गाडी सुरू होते, वीस किलोमीटरवर पुन्हा बंद पडते, आणि माणूस नव्या कॉइलपासून वायरिंगपर्यंत सगळ्यावर संशय घेत बसतो. तिच्या जागी डब्यात जुना पण चांगला कंडेन्सर, एक पॉइंट सेट, १० अँपिअरचे दोन फ्यूज, ८ चा पाना आणि तो कान कापलेला प्लग त्याच्या अर्थ वायरसकट ठेवून दिला.